पाटीवरची तिसरी ओळ

१२ नोव्हेंबर

टिटवे,

आशीर्वाद. हा एकदाच, वरच्या बाजूला. खाली पुन्हा शोधू नकोस.

तुझं पत्र पोचलं. तिकीटवालीने दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा मी सांगितलं म्हणून नाही, तिलाच त्यातली गंमत वाटली म्हणून. ही तिकीटवाली म्हणजे जंगलाच्या फाटकापाशी खिडकीत बसते ती. जेवणाच्या सुट्टीत माझी पत्रं तीच लिहिणार आहे. मला अक्षर येत नाही हे तुझ्या बापाने सांगितलं असेलच. नसेल सांगितलं तर आता कळलं. फोन मात्र करू नकोस. धुलाईच्या यंत्राशेजारी जन्म काढला, त्याने कान खाल्ले. फोन कानाला लावला की नुसतं गुंईं ऐकू येतं आणि मी सगळ्यालाच हो म्हणते. मागे असंच हो म्हणून एका बाईच्या लेकीचं लग्न ठरवायला बसले होते.

तू चार वर्षांची असताना इथून गेलीस. टिटवीसारखी एकसारखी बडबड करायचीस, म्हणून टिटवी. आता एकोणीसची झालीस. पंधरा वर्षांनी पहिलं पत्र, आणि त्यात काय, तर आजी, राष्ट्रीय उद्यान बघायला सगळ्यात चांगला ऋतू कोणता? आजी कशी आहेस, आहेस की गेलीस, काही नाही. बरोबर आहे. बापाचीच पोर तू. तोही घरात शिरला की आधी गवत किती वाढलं ते सांगायचा आणि मग पाणी मागायचा.

तिकीटवालीकडे छापील कागद आहे. त्यात चारही ऋतूंपुढे उत्तम लिहिलंय म्हणे. मी तिला म्हटलं, असलं स्थळ सांगून आलं असतं तर मी मुलगी दिली नसती.

माझं ऐक. मी विश्रामगृहाच्या चादरी धुते. चाळीस वर्षं धुतेय. जंगलात काय चाललंय ते मला चादर सांगते. पावसाळ्यात पायाकडे लाल चिखल आणि जळवांनी काढलेल्या रक्ताचे ठिपके. पाऊस सरला की घोंगड्यांना गवताची कुसळं, उवांसारखी एकेक वेचावी लागतात. थंडीत धुराचा वास, तो तीन पाण्यांत जात नाही. उन्हाळ्यात डोक्याकडची बाजू राखाडी, आणि लोक मात्र खूष, कारण तेव्हा जनावर दिसतं. हल्ली कुसळं आहेत. गवत माणसाहून उंच, आत हत्ती उभा असला तरी दिसायचा नाही. तर आत्ता नको. बापालाही सांग, आत्ता नको.

तो येणार आहे ना तुझ्याबरोबर? तू “आम्ही” लिहिलंयस. तिकीटवाली म्हणते, आम्ही म्हणजे मैत्रिणीही असतील. मी तिला पुन्हा वाचायला लावलं.

यांना अजून सांगितलेलं नाही. आजोबा तुझे अजून फाटकावरच आहेत. वय झालं म्हणून साहेबांनी घरी बसवायचं ठरवलं, तर यांनी दोनदा मुदत वाढवून घेतली. अडसर वर, अडसर खाली. गाडीचा नंबर, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ. घरीसुद्धा मी शेजारी जाऊन आले की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात.

तुझी आजी


३ डिसेंबर

टिटवे,

हे पत्र तू आधी लिहायला हवं होतंस. पहिल्यात ऋतू विचारलास आणि दुसऱ्यात डोळे. उलट चाललीस.

तिकीटवालीने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. मी म्हटलं, वाच, माझे कान गेलेत, काळीज नाही. मग तिने वाचलं. तुझ्या बापाला कडेकडेचं दिसेनासं झालंय. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसतं, आणि ती नळीही बारीक होत चाललीय. डॉक्टर म्हणाले वर्षभर, कमीही असेल. आणि डोळे जायच्या आधी त्याला एकदा हे जंगल बघायचंय.

त्याने हे तोंडाने म्हटलं नाही, हे तू लिहिलंस ते बरं केलंस, नाहीतर माझा विश्वास बसला नसता. त्याने तुला नुसतं विचारलं, आता तिकडे गवत किती वाढलं असेल? आणि तू ओळखलंस. हुशार आहेस. ही हुशारी आमच्या घरातली नाही, आईकडून आली असणार.

तुला त्याचे डोळे काय होते ते माहीत नाही. पर्यटकांची गाडी चालवायचा. चालवता चालवता एकदम ब्रेक लावायचा आणि म्हणायचा, त्या झाडाखाली अस्वल आहे. लोक दुर्बिणी लावून बघत बसायचे आणि शेवटी एक सावली हलायची. साहेब लोक चिठ्ठी पाठवून त्याचीच गाडी मागायचे. मी चादरी वाळत घालायचे तिथून मला त्याच्या गाडीचा हॉर्न ओळखू यायचा. तेव्हा कान होते.

तू जानेवारीत यायचं म्हणतेस. जानेवारीत नको. धुकं असतं. सकाळची गाडी आत जाते आणि लोक एकमेकांचे चेहरे बघून परत येतात. ज्याला नळीएवढं दिसतं, त्याने ती नळी धुक्यात का लावावी? मे महिन्यात ये. गवत जळून गेलेलं असतं, पाणी एका तळ्यापुरतं उरतं, सगळी जनावरं तिथेच येतात. काही शोधावं लागत नाही. आंधळ्यालाही दिसेल, असं मी म्हणणार होते. तिकीटवालीने लिहायचं थांबून माझ्याकडे बघितलं. लिही, म्हटलं. तोंडातून गेलं ते गेलं.

मे महिना. तोवर डोळ्यांना जप म्हणावं. उन्हात हिंडू नको, बारीक अक्षर वाचू नको. त्याच्या आईने कधी एक अक्षर वाचलं नाही, काही अडलं नाही.

आजी


१९ जानेवारी

टिटवे,

पत्रातून चिडता येतं हे मला नवीन आहे. तिकीटवालीने तुझा आवाज काढून वाचलं, “आजी, तू काहीतरी लपवते आहेस. बाबांना पाच महिने थांबायला सांगतेस आणि आम्हाला धुक्याच्या गोष्टी सांगतेस.” शेजारच्या खिडकीतला कारकूनही ऐकत होता. आता सगळ्या फाटकाला माहीत आहे की नातीने आजीला झापलं.

बरं, ऐक. लपवत होते.

तुझा बाप इथून का गेला ते त्याने तुला त्याच्या पद्धतीने सांगितलं असेल. माझ्या पद्धतीने असं की, सूर्य मावळायच्या आत गाडी फाटकाबाहेर यायला हवी, असा नियम. तुझा बाप दोनदा उशिरा आला होता. तिसऱ्यांदा उशीर झाला की परवाना जातो. त्या दिवशी अस्वलीण पिल्लं घेऊन रस्त्यात बसली होती. तो थांबला. तो थांबणारच. फाटकावर पोचला तेव्हा वीस मिनिटं उलटून गेली होती. गाडीतले पाहुणे यांना म्हणाले, बाबा, वेळेवर आलो असं लिहा, कुणाला कळतंय. तुझा बाप काही बोलला नाही. त्याला वाटलं, आपला बाप आहे, विचारायचं काय. यांनी घड्याळ बघितलं आणि होती ती वेळ लिहिली.

नंतर मी विचारलं, तर म्हणाले, “घड्याळाला ना मुलगा ना जावई.”

परवाना गेला. आणि फाटकाच्या पाटीवर नाव आलं. माझ्या वाळवणाच्या तारेशेजारी ती मोठी निळी पाटी आहे, ज्यांना आत सोडायचं नाही त्यांची नावं तिच्यावर लिहिलेली असतात. त्याचं नाव वरून तिसरं. ते कुठलं, एवढं मी तेव्हाच्या माळ्याला विचारून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी तुला कडेवर घेऊन तुझा बाप गेला. मी गेली पंधरा वर्षं रोज सकाळी चादरी घालायच्या आधी ओल्या फडक्याने ती तिसरी ओळ पुसते. धूळ बसू देत नाही. लोक म्हणतील, नाव काळं झालेलं, ते पुसून काय करतेस. पण माझ्याजवळ तेवढंच आहे त्याचं.

आता कळलं? तो आत्ता आला तर फाटकावर हे असतील. आणि पाटीवर नाव असेल. आणि हे त्याला आत सोडणार नाहीत. पोराचे डोळे जाताहेत म्हणून सोडतील असं तुला वाटतं, कारण कळत्या वयात तू यांच्याबरोबर एक दिवसही काढलेला नाहीस. बापाने मुलाला दोनदा त्याच फाटकातून परत पाठवलेलं मी बघू शकत नाही. तीस एप्रिलला यांची मुदत संपते, आता वाढणार नाही. नवा माणूस येईल, त्याला कुणाचं तोंड माहीत नसेल. तिकीटवाली आपलीच आहे. मे महिना हा माझा ऋतू आहे, टिटवे. जंगलाचा नाही.

बापाला यातलं काही वाचून दाखवू नकोस. त्याला धुकंच सांग.

आजी


११ मार्च

टिटवे,

निघा. हे पत्र हातात पडेल त्या दिवशी निघा. ऋतू नको, तारीख नको.

आता का ते सांगते. तिकीटवाली, भरभर लिही. सुट्टी संपली तर संपू दे.

तुझं पत्र आज सकाळी आलं. डावा डोळा गेला. उजव्यात किल्लीच्या भोकाएवढं उरलंय. ऐकलं आणि मी कामावरून घरी गेले. हे जेवायला बसले होते. मी पंधरा वर्षांत त्याचं नाव यांच्यासमोर काढलं नव्हतं. यांनीही नाही. आमच्या घरात तो विषय म्हणजे पाय मोडलेली खुर्ची, दोघेही तिच्यावर बसत नाही आणि दोघेही ती टाकत नाही. आज मी उभ्यानेच सगळं सांगितलं. डोळे, तुझी पत्रं, मे महिना, सगळं.

यांनी हातातला घास खाली ठेवला. किती दिवस माहीत आहे तुला, विचारलं. मी म्हटलं, नोव्हेंबरपासून ऋतू विचारतेय पोरगी, डोळ्यांचं डिसेंबरपासून. मग का नाही बोलावलंस? मी म्हटलं, बोलावून काय करू, तुम्ही पाटी दाखवून परत पाठवाल.

“कुठली पाटी?” हे म्हणाले.

मी म्हटलं, तीच. तिसरी ओळ.

 हे उठले, हात न धुता निघाले, मी मागे. फाटकापाशी पाटीसमोर मला उभं केलं. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, हा लाकूडचोर आहे. गेल्या तीन वर्षांपासून. त्याच्या आधी कुणी शिकारी होता. सात वर्षं झाली की नाव जातं. पाटी दर वर्षी नव्याने रंगवतात. तुझ्या मुलाचं नाव आठ वर्षांपूर्वी गेलं. मी स्वतः रंगाऱ्याजवळ उभा राहून खोडून घेतलं.

आठ वर्षं मी शिकाऱ्याचं आणि चोराचं नाव पुसत होते, टिटवे. चकचकीत ठेवत होते. तो लाकूडचोर कुठे असेल तिथे त्याला बरकत आली असेल.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत? हे म्हणाले, तू रोज पुसायचीस पाटी. मला वाटलं, तुला माहीत आहे. मी म्हटलं, मला कुठून माहीत असणार, मला वाचता येतं का? तेव्हा यांच्या लक्षात आलं. लग्नाला पन्नास वर्षं होतील, बायकोला वाचता येत नाही हे माणूस विसरला. आणि त्याला का नाही कळवलंत, असं विचारलं, तर म्हणाले, “यायचं असतं तर येऊन बघितलं असतं त्याने.”

तिकडे तो म्हणत असेल, बोलवायचं असतं तर बोलावलं असतं.

मी कुणालाही विचारू शकले असते. ही तिकीटवाली चार वर्षं माझ्यासमोर बसते, एवढी पत्रं लिहिली, तिला एकदा म्हटलं असतं, बाई, ती तिसरी ओळ वाच. आत्ता हे लिहिताना ती रडतेय, कागद ओला करू नकोस म्हटलंय. विचारलं नाही, कारण मला वाटलं, मला तेवढं एक नाव वाचता येतं.

नोव्हेंबरात त्याला गवत दिसलं असतं. जानेवारीत धुकंही दिसलं असतं. धुकं काय वाईट होतं?

निघा.

आजी


२ मे

अरे,

हे पत्र तुला आहे. टिटवी वाचून दाखवेल. टिटवे, मध्ये गाळू नकोस, कुठे अडलीस तर पाणी पी आणि पुढे वाच.

तिचं पत्र एप्रिलमध्ये आलं. माझं पत्र पोचलं त्याच आठवड्यात तुझा उजवाही गेला. सामान बांधलेलं होतं म्हणे. तू म्हणालास, आता कशाला, आणि सामान सोडायला लावलंस. ती विचारतेय, आजी, तरी आणू का बाबांना, आता कोणता ऋतू बरा?

मला माहीत नाही. चाळीस वर्षं ऋतू धुतलेत, पण हे माहीत नाही. ये म्हणायचं तोंड मला राहिलेलं नाही, आणि नको म्हणायची ताकद नाही. तुझ्या पाच महिन्यांचं मी काय केलं ते तिने तुला सांगितलं असेल. सांगितलं नसेल तर आता सांगेल. माफ कर वगैरे मी म्हणणार नाही. ते म्हटलं की समोरच्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं, आणि तुला बोलायचा कंटाळा आहे हे मला ठाऊक आहे.

तुझ्या वडलांनी तुला लिहायला घेतलं होतं. तीन दिवस घेतलं. पहिल्या दिवशी तारीख लिहिली. दुसऱ्या दिवशी तारखेपुढे वेळ लिहिली. तिसऱ्या दिवशी कागदाची घडी करून खिशात ठेवली. शर्ट धुवायला आला तेव्हा मी कागद काढला आणि तिकीटवालीला दाखवला. ती म्हणाली, आजी, याच्यावर नुसती तारीख आणि वेळ आहे. संध्याकाळची. कुठल्या दिवसाची ते तुला सांगायला नको. वीस मिनिटं कमी करून लिहिली होती.

मी कागद परत खिशात घातला. धुतला गेला.

परवा ते नोकरीतून सुटले. सुटणाऱ्या माणसाला जोडीदारासह एकदा गाडीतून जंगल फिरवून आणायची इथे पद्धत आहे, पुढच्या सीटवर, हार घालून. तुझे वडील नको म्हणाले. साहेबांनी आग्रह केला, तरी नको. मग कसं कोण जाणे, आदल्या संध्याकाळी मला म्हणाले, तू कधी आत गेली नाहीस ना? मी म्हटलं, चादरी आत वाळत नाहीत.

तर आम्ही गेलो. यांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी अडसर उचलला, त्या दिवशी नव्या माणसाने यांच्यासाठी उचलला. यांनी त्याला वेळ सांगितली. त्याने लिहिली आहे की नाही ते वाकून बघितलं.

तू त्या रस्त्याने पाच हजार वेळा गेला असशील, म्हणून रस्ता सांगत नाही. मला सांगताही येणार नाही. तू घरी येऊन सांगायचास ते मला सगळं कळायचं, आणि प्रत्यक्षात काहीच ओळखता येईना. झाडं सारखी दिसत होती. मी ठरवून बसले होते की सगळं नीट बघायचं, एकेक लक्षात ठेवायचं आणि तुला कळवायचं. म्हटलं, तेवढं तरी करता येईल. एक मोर दिसला. हरणं दिसली, त्यातलं एक लंगडत होतं. एक मोठं झाड पडलेलं. एवढ्यात मी दमले. तुझं काम हमालीहून अवघड होतं, मला वाटायचं नुसतं बसून फिरतोय.

तळ्याच्या वळणावर गाडी थांबली. चालक माझ्या कानाकडे वाकून म्हणाला, आजी, तुमच्या डाव्या हाताला, अस्वलीण. पिल्लं पण आहेत.

मागची माणसं सगळी माझ्या बाजूला कलली. गाडी कलली. कुणाचा तरी श्वास माझ्या मानेला लागला. मला वास आला, भिजलेल्या जुन्या घोंगडीचा. अगदी जवळ होती ती. मान वळवली की झालं.

मी डोळे मिटून घेतले.

बघितलं असतं तर तुझ्या वाट्याचं मी खाल्लं असतं, असं वाटलं. किती वेळ गाडी थांबली कोण जाणे. माझ्या हातावर यांचा हात होता आणि तो घट्ट होता, पण मी उघडले नाहीत. गाडी हलली, लोक बोलायला लागले, नशीब काढलंत आजी, म्हणाले, तेव्हा उघडले. समोर नुसता रस्ता होता.

घरी येऊन यांनी गळ्यातला हार खुंटीला लावला. खाटेवर बसले. मग म्हणाले, “पिल्लं किती होती गं?”

ज्या माणसाने चाळीस वर्षं आत गेलेलं आणि बाहेर आलेलं एकूणएक मोजलं, तो मला विचारत होता. मी म्हटलं, तुम्ही माझ्याशेजारीच होतात. तुम्ही सांगा.

हे म्हणाले, “मी पण मिटलेच होते.”

आई